तुले काय जोयजे?

विद्यार्थी समोर येऊन बसला की सर आधी मनगटावरचं घड्याळ काढायचे आणि टेबलावर पालथं ठेवायचे. मग दोन्ही कोपरं टेकून, चष्म्यावरून बघत विचारायचे, "हं. तुले काय जोयजे?"

अठरा वर्षांच्या पोराला 'तुला काय पाहिजे' हा प्रश्न तुम्ही कधी विचारून बघा. पोरं आधी मागे वळून बघायची, सर दुसऱ्याच कोणाला तर विचारत नाहीत ना म्हणून. मग म्हणायची, "बोनाफाईड." कोणी म्हणायचं, "बसचा पास." सर मान हलवायचे. "ते हापिसमा भेटी. तुले काय जोयजे?" एकदा एका मुलानं पुष्कळ विचार केला, घाम पुसला आणि म्हणाला, "सर, मी जाऊ का?" सरांनी त्याला जाऊ दिलं.

आमचं कॉलेज सरकारी, लहान, जळगाव जिल्ह्यात सातपुड्याच्या अंगाला. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही कॉलेज ओळखाल, मग सरांना ओळखाल, आणि मला त्यांची बोलणी खावी लागतील. सर गणिताचे. शेवटच्या वर्षाला गणित घेणारी मुलं एका बाकावर मावायला लागली, तेव्हा प्राचार्यांनी त्यांना विद्यार्थी मार्गदर्शन विभागाचे प्रमुख करून टाकलं. विभाग म्हणजे सर, मी, आणि क्रीडावाल्यांनी सोडलेली एक खोली. कोपऱ्यात भालाफेकीचे दोन भाले होते. ते न्या म्हणून आम्ही किती वेळा सांगितलं, पण ते तिथंच राहिले.

मी धुळ्याची. घरात मारवाडी, दुकानात गिऱ्हाइकाशी अहिराणी आणि शाळेत मराठी अशी वाढलेली, आणि तिन्ही भाषांत भांडू शकणारी. अर्थशास्त्राच्या तासिका घ्यायला आले आणि उरलेल्या वेळासाठी प्राचार्यांनी मला सरांच्या हाताखाली दिलं. सर माझ्याशी नीट छापील मराठीत बोलत, वयानं मुलीसारखी असूनही 'मॅडम' म्हणत. मुलांशी मात्र अहिराणीच. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "छापील मराठीत विचारलं की पोरं छापील उत्तर देतात, मॅडम." ते मला पटलं होतं.

गंमत अशी, की तोंडानं अहिराणी असलेला हा माणूस हातात पेन आलं की थेट मंत्रालय व्हायचा. एकदा माझ्या टेबलावर चिठ्ठी होती: 'आपणांकरिता केळी ठेवण्यात आलेली आहेत. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.' मी केळी खाऊन खाली लिहिलं, 'कार्यवाही पूर्ण.' सरांनी ती चिठ्ठी खरोखर फाइलला लावली. आम्ही दोघं त्यावर बरेच दिवस हसत होतो. सरांच्या या सवयीवर पुढे रडायची वेळ येईल, असं तेव्हा कोणाला वाटणार?

सरांच्या बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. संध्याकाळी कॉलेज रिकामं झालं तरी ते खोलीत बसून असायचे. मी एकदा म्हटलं, "सर, घरी जा की." तर म्हणाले, "घरी कोण विचारणार आहे? इथे एखादं पोरगं तरी चुकून येतं."

मग नवं धोरण आलं. आता विद्यार्थ्यानं नुसतं बी.एस्सी. व्हायचं नाही; एक मेजर विषय घ्यायचा, दुसऱ्या वर्षापासून त्याला जोडून एक मायनर विषय घ्यायचा, आणि उरलेलं विषयांच्या 'बास्केट'मधून उचलायचं. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी कपाळाला हात लावला. सर मात्र खूश. त्यांचे वडील पाटकरी होते, म्हणजे कालव्याचं पाणी शेतांना सोडणारे. सरांनी फळ्यावर धरण काढलं, त्यातून एक जाड रेघ काढली, तिला एक बारीक फाटा काढला. "हाऊ पाट. हाऊ तुमना मेजर. आन पाटमाईन निंघस तो?" सगळा वर्ग ओरडला, "मायनर!" खेड्यातल्या पोराला मायनर समजावून सांगावा लागत नाही, मोठ्या पाटाचा फाटा म्हणजे मायनर, त्यावरच त्याच्या घरची केळी जगलेली असते. एवढं मोठं धोरण सरांनी खडूच्या दोन रेघांत संपवलं.

पण फळ्यावर पाणी सोडणं वेगळं. कागदावर बास्केट हे एवढं मोठं होतं, आणि शिकवायला माणसं मोजकी. मानसशास्त्र पाहिजे? शिक्षक नाही. संख्याशास्त्र? जागा मंजूर, माणूस नाही. मुलं आशेनं यायची, सर घड्याळ पालथं ठेवायचे, मनापासून ऐकायचे, आणि शेवटी त्यांना इतिहास नाहीतर भूगोल देऊन पाठवायचे. जळगावला पत्रं, विद्यापीठाला पत्रं, प्राचार्यांना पत्रं. 'योग्य ती कार्यवाही व्हावी.' कार्यवाही काही व्हायची नाही. एकदा ते म्हणाले, "माझा बाप धरण कोरडं असलं तरी गेट उघडायला जायचा, मॅडम. नाही गेला तर लोक म्हणायचे, यानंच पाणी अडवलं." मी हसले. ते हसले नाहीत.

आणि मुलींचं तर एक ठरलेलं वाक्य होतं. सगळं ऐकून घ्यायच्या, डोळ्यांत चमक यायची, आणि उठताना म्हणायच्या, "घर इचारीसन सांगस, सर." घरी विचारून सांगते. पहिल्या वर्षी मी भाबडेपणानं वाट बघायची. सर म्हणाले, "मॅडम, ते 'नाही' आहे. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून त्या असं म्हणतात."

भाग्यश्री वेगळी होती. सातपुड्याखालच्या एका खेड्यातली, घरची केळी, ट्रॅक्टर दारात, खाऊनपिऊन सुखी घर. पहिल्या वर्षाला होती. सरांनी घड्याळ पालथं ठेवलं, विचारलं, आणि तिनं मागे वळून बघितलं नाही. म्हणाली, "मले माटी तपासानं शिकनं शे. आमना गावमा बठ्ठा खत टाकतस. माटीले काय जोयजे, ते कोनी इचारतच नही."

सगळे नुसतं खत टाकतात, मातीला काय पाहिजे ते कोणी विचारत नाही. सर माझ्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं ते हा प्रश्न विचारत होते. तोच प्रश्न मातीला विचारायची गोष्ट करणारी पोर पहिल्यांदाच भेटली होती. ती गेल्यावर त्यांनी भाल्यांवरची धूळ झटकली. काहीतरी करावंसं वाटलं की ते भाले पुसायचे.

तिचं मेजर रसायनशास्त्र. मृदाशास्त्राचा मायनर आमच्याकडे नव्हता. जळगावच्या एका कॉलेजात होता. सर तिथं खेटे घालू लागले. विद्यापीठात जाऊन बसले. शनिवारी तिकडे तास करायचे आणि बाकीचे दिवस आमच्याकडे, अशी परवानगी त्यांनी अक्षरशः हात जोडून मिळवली. मी त्यांना हात जोडताना पाहिलंय. मला ते आवडलं नव्हतं. परवानगी आली त्या दिवशी त्यांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. लोकांना वाटलं, सरांचं प्रमोशन झालं.

आता फक्त भाग्यश्रीनं संगणकावर मायनर पक्का करायचा आणि वडिलांची संमती आणून द्यायची, एवढंच उरलं होतं. ती हसली. जाताना दारात थांबली आणि म्हणाली, "घर इचारीसन सांगस." सरांचा चेहरा मी बघितला नाही. त्यानंतर ती कॉलेजला आलीच नाही.

मुदत जवळ आली. फोन लागेना. तेव्हा सरांनी वडिलांच्या मोबाइलवर निरोप पाठवायचं ठरवलं. इंग्रजी नको, शेतकऱ्याला कळला पाहिजे म्हणून खास मराठीत, स्वतःच्या हातानं लिहिला: 'आपली पाल्य कु. भाग्यश्री ही मायनर निश्चितीकरिता प्रलंबित आहे. तरी पालकांनी तातडीने समक्ष हजर राहावे.'

आता तुम्हीच सांगा, असा निरोप तुमच्या मोबाइलवर आला तर तुम्ही आधी वकील गाठाल की नाही?

दोन-तीन दिवसांनी सकाळी दारात दोन माणसं उभी राहिली. एक भाग्यश्रीचे वडील, धुतलेले कपडे, हातात प्लॅस्टिकची पिशवी छातीशी धरलेली. दुसरे त्यांच्या गावचे पोलीस पाटील. सर म्हणाले, "या भाऊ, बसा." वडील बसले नाहीत. पिशवीतून शाळा सोडल्याचा दाखला काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "सायेब, मन्ही पोर मायनर नही शे. अठरा पुरा व्हई ग्यात. हाऊ दाखला देखा."

आम्हाला काही कळेना. मग पाटलांनी उलगडा केला. भाग्यश्रीचं लग्न ठरलं होतं. धुळ्याकडचं स्थळ, साखरपुडा झालेला, तारीख काढलेली. आणि नेमका हा निरोप आला. तो त्यांनी पाटलांकडून वाचून घेतला. पाटलांना पाटाचा मायनर माहीत होता तसाच पोलिसांचाही माहीत होता: मायनर म्हणजे अठराच्या आतली. शेजारच्या गावात नुकतंच पोलिसांनी भर मांडवात लग्न थांबवलं होतं. घरात रडारड झाली. पत्रिका छापायच्या थांबल्या. मुलाकडचे म्हणाले, सरकारी चौकशी मिटल्याशिवाय पुढं नको, आपण पुढच्या वर्षी बघू.

पुढच्या वर्षी! मी टेबलाखालून सरांच्या बुटावर बूट मारला. एक वर्ष आपसूक चालून आलं होतं. आम्हाला काही करायचं नव्हतं, खोटंही बोलायचं नव्हतं. नुसतं 'कागद ठेवून जा, बघतो' म्हणायचं, सरकारी कचेरीत रोज म्हणतात तसं. मी म्हटलंसुद्धा, "सर, कागद तपासायला वेळ लागेल ना?"

सरांनी घड्याळ काढलं. पालथं ठेवलं. "भाऊ, पह्यलं पानी ल्या. आन सांगा, तुमले काय जोयजे?"

त्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मले काहीच नको सायेब. केस नको. आमनी इज्जत शे गावमा. हात जोडस."

हात जोडलेले सरांना बघवेनात. मी त्यांना ओळखत होते; माझ्या लक्षात आलं की आता हे बोलणार. "केस नही भाऊ," सर म्हणाले. "आपला पाटले मायनर ऱ्हास ना? तसा हाऊ इषयना मायनर शे. अभ्यासना. पोरनी इषय निवाडना बाकी शे, तेवढंच."

पोलीस पाटलांनी वडिलांकडे बघितलं. मग पोलीस पाटील हसायला लागले. वडील हसायला लागले, डोळे पुसत, सरांचा हात हातात घेऊन. "आमी येडा! पाटना मायनर!" सगळे इतके हसले की शिपाई डोकावून गेला. मी एकटी हसले नाही.

हसू ओसरायच्या आत सरांनी आपलं म्हणणं मांडलं. तिची हुशारी, माती, जळगावची परवानगी, लग्न करा पण शिकू द्या, निदान हे वर्ष. असं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. वडील मान खाली घालून ऐकत होते, अगदी कीर्तनात ऐकतात तसे. शेवटी म्हणाले, "सर, तुमनं बठ्ठं खरं शे. बठ्ठं खरं शे, पन..." आणि उठले. दारात वळून म्हणाले, "घर इचारीसन सांगस."

घरातला कर्ता माणूस तो. त्यानं घरी विचारायचं म्हणजे नक्की कोणाला, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

ते गेल्यावर मी सरांना काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मराठी पुरेना तेव्हा मारवाडीत बोलले. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, इथं माणूस कशाच्या भरवशावर येतो? इथं कोणी भीती घालत नाही, एवढ्याच. तो माणूस भ्यायलेला होता. त्याला तसा परत पाठवू?"

"आणि तिचं काय?"

सर उठून भाले पुसायला लागले.

लग्नाचं आमंत्रण घेऊन वडील स्वतः आले. 'सरांनी घोर मिटवला' असं गावभर झालं होतं. मला जायचं नव्हतं, पण सरांना एकटं कसं पाठवणार, म्हणून गेले. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी, आग्रह करकरून. सर मानाचे पाहुणे. त्यांना नारळ, टोपी, उपरणं. मग आम्ही स्टेजवर चढलो. भाग्यश्रीनं वाकून नमस्कार केला. सरांनी आशीर्वादाला हात वर केला, तेव्हा मुंडावळ्यांच्या आडून ती हळूच म्हणाली, "सर, मले माहीत व्हतं. मायनर म्हंजे काय, ते मले माहीत व्हतं. पाटीलनी वाचं, तव्हय मी तठेच उभी व्हतू. मी काहीच बोलनी नही."

एवढंच. आवाजात राग नव्हता. फोटोवाला म्हणाला, "सर, इकडे बघा." सरांनी तिकडे बघितलं. तो फोटो त्यांच्याकडे कुठं तरी असेल; हात वर तसाच आहे त्यात.

परतीच्या एसटीत मला त्यांच्यावर रागावता येईना. मला जे वाटत होतं ते सगळं त्या पोरीनं बोलून टाकलं होतं. घरात रडारड चालू असताना, बाप दाखले शोधत असताना, ती तोंड मिटून उभी राहिली होती. तिच्या हातात तेवढंच होतं, आणि तेवढं ती करत होती. सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तिनी सांगेल व्हतं, मॅडम. तिले काय जोयजे ते तिनी सांगेल व्हतं. मले आयकू नही उनं." माझ्याशी ते अहिराणीत बोलले ते त्या दिवशी पहिल्यांदा.

मग काही दिवसांनी त्यांनी भाग्यश्रीच्या नवऱ्याला फोन केला. मुलगा सभ्य. धुळ्याला तसाच विषय कुठं मिळेल, बदली कशी करता येईल, सगळं सरांनी त्याला समजावलं. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "हो सर. घरी विचारून सांगतो." सरांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून हसले. तसलं हसू पुन्हा कोणाच्या चेहऱ्यावर बघायची माझी इच्छा नाही.

त्यानंतर ते प्रश्न विचारायचे, पण घड्याळ काढायला विसरायचे. कधी काढायचे आणि प्रश्न विसरायचे. एखादी मुलगी गप्प बसली की तिच्या गप्प बसण्याकडे इतका वेळ बघत राहायचे की ती घाबरून जायची. मग मला मध्ये पडावं लागायचं.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोप समारंभ सेमिनार हॉलमध्ये, हार, गुलाबपाणी, भाषणं. प्राचार्य आमचे रंगात आले की विनोदी. माइक हातात घेऊन म्हणाले, "सरांनी जन्मभर पोरांना एकच प्रश्न विचारला. आज आपण त्यांना विचारू या. सर, तुमले काय जोयजे?"

हॉलमध्ये टाळ्या. सर उठले. सवयीनं घड्याळ काढून समोरच्या टेबलावर पालथं ठेवलं आणि उभे राहिले. बोलतील, मग बोलतील, असं वाटत राहिलं. ओठ एकदा हलले. प्राचार्य खोकले. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी मला विचारलं, "बरं नाही का यांना?" मला माहीत होतं त्यांना काय पाहिजे ते. ती एक सकाळ परत पाहिजे होती. दारात उभी असलेली ती दोन माणसं, आणि टेबलावर ठेवलेला तो दाखला.

सर माइकजवळ वाकले. "घर इचारीसन सांगस," म्हणाले.

हॉलभर हशा पिकला. प्राचार्य तर खुर्चीत मागे रेलून हसले. सरांच्या घरी विचारायला कोणी नाही, हे त्या गर्दीत कोणाच्या लक्षात आलं असेल तर मला माहीत नाही. मी खाली बघत राहिले.

कॉलेजनं त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. आमच्याकडे सगळ्यांना तेच देतात. सरांनी ते घरी नेलं नाही. मार्गदर्शन विभागात आले, कपाटावर भिंतीकडे तोंड करून ठेवलं, भाल्यांवरून एकदा हात फिरवला आणि किल्ली माझ्या हातात दिली. आता त्या खुर्चीत मी बसते. घड्याळ तसंच आहे. किती वाजले ते दिसत नाही, नुसती टिकटिक ऐकू येते. परवा एक मुलगी समोर बसली होती. मी माझ्या दुकानातल्या अहिराणीत विचारलं, "तुले काय जोयजे?" ती काही बोलली नाही. मीही बोलले नाही, ऐकत बसले.